वाय-१७ ब हा तुकडा परत करता येत नसल्याबाबत

दिनांक : १८ मार्च २०२५

प्रति,
मा. कुलसचिव,
राज्य अर्धवाहक संशोधन संस्था,
नागपूर.

अर्जदार : गोपाल जगदेव काळबांडे, वय ५८ वर्षे, धंदा भाजीपाला, रा. कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशीम.

विषय : माझी मुलगी कै. कु. योगिनी हिने काढलेला आकडा प्रबंधातून वगळू नये आणि त्याच चकतीच्या उरलेल्या तुकड्यावर तो एकदा मोजून पाहावा, याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. ११ नोव्हेंबर २०२४ (तुकडा परत करणे). २) आपले पत्र दि. ६ जानेवारी २०२५ (नमुना नऊ भरून देणे). ३) सुरक्षा विभागाचे पत्र दि. ३ फेब्रुवारी २०२५. ४) आपले सन्मानपत्र दि. २८ फेब्रुवारी २०२५, फ्रेमसह.

महोदय,

वरील विषयी आपल्या सेवेत अर्ज सादर करतो तो असा की,

१. मी गावालगतच्या दीड एकरात सांभार (कोथिंबीर), मेथी, पालक, वांगी घेतो. बाजाराच्या दिवशी दुपारनंतर लोकांचे अर्जही लिहून देतो. वारसाची नोंद, राशन कार्डावरचे नाव, विहिरीवरचे मीटर, असे किती लिहिले त्याचा हिशेब नाही. अर्ज एका पानात बसवावा, साहेब लोक पान पलटवत नाहीत, असे मीच लोकांना बजावतो. हा अर्ज एका पानात बसणार नाही. चार वेळा बसवून पाहिला. त्याबद्दल आधीच माफी मागतो.

२. कु. योगिनी ही आपल्या संस्थेत पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाला होती. दि. २१ सप्टेंबर २०२४ रोजी ती वाय-१७ ब हा अर्धवाहक चकतीचा तुकडा घेऊन दुसऱ्या राज्यातील एका प्रयोगशाळेत मोजणीसाठी निघाली होती. तुकडा बाहेर नेण्याची आपल्या कार्यालयाची रीतसर परवानगी तिच्याजवळ होती (प्रत सोबत). गाडीचे रिझर्वेशन २४ तारखेचे असल्याने मधले दिवस ती घरी आली. आली तेव्हाच अंगात ताप होता. आम्हाला प्रवासाचा शीण वाटला. तपासणीत डेंग्यू निघाला. दि. २७ सप्टेंबर रोजी ती वारली. डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली, त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

३. तिचे काम काय होते ते साहेबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी मला कितपत समजले आहे ते नोंदीवर असावे म्हणून लिहितो. इलेक्ट्रॉनला एक स्वतःची फिरकी असते, तिला आपल्याकडे स्पिन म्हणतात. प्रकाशाचा झोत मारून सगळ्या फिरक्या एका दिशेला उभ्या करता येतात. पण त्या तशा राहत नाहीत. इलेक्ट्रॉन स्फटिकातून धावतो, ठेचकाळतो, आणि दर ठेचेला त्याची दिशा थोडी थोडी हलते. थोड्या वेळात तो आपली दिशा पुरता विसरतो. त्या वेळाला स्पिनचे आयुष्य म्हणतात. पुढेमागे या दिशेवरच माहिती साठवायची झाली तर हे आयुष्य जास्त पाहिजे, आणि पुसायची झाली तर कमी पाहिजे. ते वाढवणे आणि घटवणे माणसाच्या हाती आणणे, हे योगिनीचे काम होते.

तिच्या आईने, म्हणजे प्रयागबाईने, जुड्या बांधता बांधता एकदा विचारले होते, "काय करतं व तू तिकडे, मले समजंल असं सांग." तेव्हा योगिनीने समोरचीच जुडी उचलली. म्हणाली, "आई, सांभार तोडल्यावर किती वेळ ताठ राह्यते? गोणपाट ओलं केलं तं जास्त राह्यते, उन्हात ठेवलं तं लगेच मान टाकते. मी तेच करून राह्यली. फक्त माह्या गोणपाटाच्या जागी व्होल्टेज हाये." प्रयागबाईने विचारले, मग किती वेळ ताठ ठेवला. योगिनीने सांगितले की एका सेकंदाचे सत्तर लाख भाग केले तर त्यातला एक भाग. प्रयागबाई म्हणाली, "बाई वं! एवढ्याशासाठी पाच वर्सं?" त्यावर दोघी मायलेकी इतक्या हसल्या की बांधलेल्या जुड्या सुटल्या. हा मजकूर अर्जाशी संबंधित नाही. तरी खोडत नाही.

४. प्रत्यक्ष आकडा असा. वाय-१७ ब या तुकड्यावर व्होल्टेज न देता बारा नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जावे भाग), आणि दिल्यावर एकशे चाळीस. तापमान शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंश, द्रवरूप हेलियममध्ये. हा आकडा एकदाच मोजला गेला आणि त्यानंतर आपल्या संस्थेतील यंत्र दुरुस्तीला गेले. तिच्या समितीने शंका घेतली की एकाच तुकड्यावर एकदाच आलेला आकडा धरता येणार नाही. ही शंका रास्त होती. योगिनीचेही तेच म्हणणे होते. दवाखान्यात सलाईन चालू असताना ती मला म्हणाली, "एकदा आलेला आकडा आकडा नसते, बाबा. परत मोजाचा हाये. डबी थंड जागी ठेवा." मी म्हटले, ठेवली आहे. खरोखर ठेवली होती, आमच्या फ्रीजमध्ये, वरच्या खणात, भाजीचा हात लागू नये म्हणून वेगळ्या डब्यात.

५. दि. ११ नोव्हेंबरच्या पत्राने आपण कळविले की, तो तुकडा तीस दिवसांत परत न आल्यास आकडा पडताळता येणार नाही आणि प्रबंधाचे पाचवे प्रकरण वगळावे लागेल. माझ्या माहितीप्रमाणे पाचवे प्रकरण म्हणजेच प्रबंध आहे, आधीची चार त्याची तयारी आहेत. त्या पत्राला मी उत्तर दिले की, तुकडा आमच्याकडे नाही. हे उत्तर खरे होते पण पुरे नव्हते. अर्जात अर्धे लिहू नये, हेही मीच लोकांना सांगत असतो. म्हणून आता पुरे लिहितो.

६. दि. २७ रोजी दुपारी तिला घरी आणले. आमच्याकडे माणसाला शेवटची आंघोळ घातल्यावर तोंडात तुळशीचे पान, गंगेचे पाणी आणि सोन्याचा कण ठेवतात. आमच्या गल्लीत हे सगळे ललिताबाई पाहतात, त्यांचे वय ऐंशीच्या वर आहे. त्यांनी विचारले, "सोनं हाये का घरात? गुंजभर असलं तरी चालते." प्रयागबाईच्या गळ्यात सोन्याचे मणी होते. ललिताबाई त्यातला एक काढायला पुढे झाल्या. प्रयागबाईने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "माह्यं नोका देऊ. माह्या पोरीचं सोतःचं सोनं हाये. तिनं सोतःच्या हातानं चढवेल हाये. तेच द्या तिले."

साहेब, वाय-१७ ब या तुकड्यावर चार कोपऱ्यांना सोन्याचे चार ठिपके होते. व्होल्टेज देण्यासाठी तारा जोडतात ते. योगिनीने ते स्वतः चढवले होते, आणि २१ तारखेला, ताप असतानाही, डबी उघडून आईला दाखवले होते की हे पाह्य, हे सोनं म्या लावलं. तिने आयुष्यात कानात कधी सोने घातले नाही, घाल म्हटले तर यंत्राजवळ चालत नाही म्हणायची. तिच्या मालकीचे म्हणावे असे सोने तेवढेच होते. नखावर मावेल एवढा करडा तुकडा आणि त्यावर सुईच्या टोकाएवढे चार ठिपके.

डबी फ्रीजमधून मी काढली. ती संस्थेची वस्तू आहे हे मला ठाऊक होते. तो आकडा परत मोजायचा आहे हे मला प्रयागबाईपेक्षा, ललिताबाईपेक्षा, त्या घरात जमलेल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होते, कारण ते मलाच सांगितले होते. मी नाही म्हणू शकलो असतो. एक शब्द पुरला असता. पण प्रयागबाईने हात पुढे केला होता, आणि त्या वेळी त्या बाईला नाही म्हणणे माझ्याने झाले नाही. तिने तो तुकडा तुळशीच्या पानावर ठेवला आणि पान लेकीच्या तोंडात ठेवले. चार वाजता अग्नी दिला. तुकडा असा गेला.

प्रयागबाई समजते की संस्थेकडे असे तुकडे पायलीने आहेत. मी तिला अजून खरे सांगितलेले नाही. म्हणून हात जोडून विनंती की, या बाबतीत कोणतेही पत्र तिच्या नावाने पाठवू नये.

७. वरील हकीकत मी जानेवारीत आपल्या आवक-जावक विभागाच्या उज्ज्वला मॅडम यांना फोनवर सांगितली. मॅडम म्हणाल्या, काका, मी विचारून कळवते. त्यांनी विचारले आणि संदर्भ क्र. २ चे पत्र आले. त्यात नमुना नऊ भरायला सांगितले आहे. नमुना नऊमध्ये तुकड्याचे काय झाले यासाठी चार पर्याय आहेत : परत केला, हरवला, चोरीस गेला, नष्ट झाला. हरवला म्हणावे तर पोलिसांचा दाखला पाहिजे. मी ठाण्यात गेलो. तेथील जमादारांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि विचारले, "काका, कुठी हरवलं मंग?" मला खोटे सांगता आले नाही. मी म्हटले, हरवले नाही, कुठे आहे ते मला ठाऊक आहे. ते म्हणाले, "तं मंग मी काय लिहू, तुमीच सांगा." दाखल्याविना परत आलो. त्यांची काहीही चूक नाही.

नष्ट झाला म्हणावे तर पंचनामा, दोन साक्षीदार आणि उरलेल्या अवशेषाचे वजन ग्रॅममध्ये पाहिजे. अवशेष तिसऱ्या दिवशी सावडून नदीत सोडला. वजन करण्याचे त्या वेळी कोणाच्या डोक्यात आले नाही. रकान्यात मी 'केले नाही' असे लिहिले आहे.

त्याच नमुन्यात 'तुकडा शेवटी हाताळणारी व्यक्ती' असा एक रकाना आहे. त्यात मी माझे नाव घातले आहे. ते खरे नाही, हे वरच्या मुद्द्यावरून साहेबांच्या लक्षात आलेच असेल. तो रकाना मी दुरुस्त करणार नाही. कारवाई करायची असल्यास माझ्यावर करावी.

८. मग फेब्रुवारीत सुरक्षा विभागाचे पत्र आले. त्यात म्हटले आहे की हा तुकडा गॅलियम आर्सेनाइडचा असून जाळल्यास विषारी वाफ होते. सबब जळताना दहा मीटरच्या आत असलेल्या सर्व व्यक्तींची नावे, वये आणि प्रकृतीची माहिती विहित तक्त्यात सादर करावी. पत्र वाचून आधी मला राग आला. खरे सांगतो, खूप राग आला. अरे, आमची पोरगी जळत होती तिथे, आणि तुम्हाला वाफेची पडली? दोन दिवस ते पत्र मी हातात धरले नाही. तिसऱ्या दिवशी वाटले की खरेच कोणाला काही झाले असेल तर? मग वही घेऊन निघालो.

त्या दिवशी दोनशे चौदा माणसे होती. कामरगावची, धनजची, मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. दहा मीटर कोणी मोजले नव्हते, म्हणून सगळ्यांची नावे घेतली. अकरा दिवस लागले. एकेकाच्या दारी जाऊन विचारायचे की पोरीला अग्नी दिला तेव्हापासून खोकला, चक्कर, डोळ्यांची आग असे काही होते का. डोळ्यांची आग, म्हटल्यावर दोन बाया रडायलाच लागल्या. तांड्यावरचे सोमला राठोड म्हणाले, "खोकला तं मले पोरीच्या आदीपासून हाये, तो तिच्यावर कायले घालतं?" आणि मग स्वतःच म्हणाले की योगिनीने त्यांच्या नातीला गणित शिकवले होते, मांडवाखाली बसून, पूर्ण एक उन्हाळा. हे मला ठाऊक नव्हते. असे बरेच काही ठाऊक नव्हते. तक्त्यात त्यासाठी रकाना नसल्याने शेरा या रकान्यात लिहून आणले आहे. प्रकृती सर्वांची ठीक आहे. प्रयागबाईची नाही, पण ती वाफेने नाही.

९. आता सन्मानपत्राविषयी. दि. २८ फेब्रुवारी रोजी आपण दिवंगत संशोधक म्हणून योगिनीच्या नावाचे सन्मानपत्र पाठवले. सोबतच्या पत्रात कळवले की पाचवे प्रकरण वगळण्यात आले असून, कुटुंबाच्या भावना लक्षात घेऊन तुकड्याची बाब येथेच बंद करण्यात येत आहे. आपण हे चांगल्या मनाने केले, यात मला तिळमात्र शंका नाही. प्रयागबाईने ते भिंतीवर लावायला खिळाही शोधला. मी लावू दिले नाही. तिने विचारले, "काहून?" मी म्हटले, नाव चुकले आहे, दुरुस्तीला पाठवतो. नाव चुकलेले नाही. पण साहेब, त्या कागदावर 'तिच्या समर्पणाची आठवण' असे लिहिले आहे. तिने काय शोधले ते कुठेच लिहिलेले नाही. ती आजारी पडून मेली म्हणून सन्मान नको. तिने काही केले असेल तर त्याचा द्यावा, नसेल तर देऊ नये. सबब सन्मानपत्र फ्रेमसह परत करीत आहे.

१०. माझी मागणी एकच आहे आणि ती अशी. योगिनीसोबत काम करणारे संशोधक विद्यार्थी श्री. प्रसेनजित हे दि. २ मार्च रोजी आम्हाला भेटायला आले होते. त्यांनी सांगितले की तिने वाय-१७ या चकतीचे चार तुकडे केले होते, अ, ब, क आणि ड. अ कापतानाच फुटला. ब आम्ही जाळला. क आणि ड प्रयोगशाळेतील तिच्या खणात आहेत, आणि क वर तिने सोन्याचे ठिपकेही चढवून ठेवलेले आहेत. यंत्रही आता दुरुस्त होऊन आले आहे. मात्र दि. ३१ मार्च रोजी ती प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवायची असून, ज्या तुकड्यांचे काम बंद झाले आहे ते सगळे निकालात काढायचे आहेत. योगिनीच्या खणावर तशी चिठ्ठी लागलेली आहे. प्रसेनजित मोजायला तयार आहेत. यंत्रावरचा एक दिवस आणि हेलियमची एक टाकी, एवढेच लागते असे ते म्हणतात. पण बंद झालेल्या कामासाठी आपल्या लेखी आदेशाशिवाय हेलियम मिळत नाही.

तरी विनंती की, दि. ३१ पूर्वी तसा आदेश व्हावा आणि वाय-१७ क वर, व्होल्टेज न देता एकदा आणि देऊन एकदा, मोजणी करून घ्यावी.

एकशे चाळीस आला तर पाचवे प्रकरण परत घ्यावे. कमी आला तर खुशाल वगळलेलेच ठेवावे, मी पुन्हा अर्ज करणार नाही. आणि कमी आला तरी जो आला तोच आम्हाला कळवावा. आमची कीव करून जास्त लिहू नये. तिने पाच वर्षे एकही आकडा फुगवून लिहिला नाही, तिच्या मागे आपणही लिहू नये. तिच्या आईला काय सांगायचे ते मी पाहून घेईन. पोरगी चुकली असे निघाले तर ते ऐकायची माझी तयारी आहे. पण कोणी पाहिलेच नाही, आणि ते पाहता येईना ते माझ्यामुळे, हे घेऊन मला राहता येत नाही.

एवढी मेहेरबानी व्हावी.

आपला नम्र, आणि योगिनीचा बाप,

(सही)
गोपाल जगदेव काळबांडे
कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशीम

सोबत :
१) तुकडा बाहेर नेण्याच्या परवानगीची प्रत.
२) नमुना नऊ, भरलेला. एक रकाना वर लिहिल्याप्रमाणे.
३) हजर व्यक्तींचा तक्ता, पाने १९, नावे २१४.
४) सन्मानपत्र, फ्रेमसह.
५) उत्तरासाठी माझा पत्ता घातलेले पोस्टकार्ड. आपल्याला त्रास नको म्हणून मागचा मजकूर मीच लिहून ठेवला आहे, "वाय-१७ क वर व्होल्टेज दिल्यावर ........ नॅनोसेकंद". फक्त आकड्याची जागा मोकळी आहे.